सीमेचा मासा

आमच्या गल्लीच्या टोकाला एक तळं होतं. त्याला आम्ही घरातसुद्धा ‘कुळम’च म्हणायचो, तमिळ माणसांसारखं. एकदा पुण्याहून लांबचे पाहुणे आले. आत्या त्यांना म्हणाली, ‘‘आमचें कुळम पाहून यावें.’’ तर ते पाय धुऊन, अंगावर उपरणं घेऊन, हात जोडून निघाले. त्यांना वाटलं, आम्ही कुळाचं दैवत दाखवतो आहोत. घाटावर कपडे आपटणाऱ्या बायका पाहून बिचारे तसेच परतले. त्यांचं काय चुकलं ते आत्याला कळलं नाही, आणि तिच्यासमोर हसायची आमची टाप नव्हती.

मराठ्यांच्या राज्याबरोबर कावेरीकाठी येऊन राहिलेली आमची माणसं. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आमची मराठी महाराष्ट्रातल्यांना जुन्या पोथीसारखी वाटते, ते ऐकतात आणि गालात हसतात. आत्याची तर त्याहून निराळी तऱ्हा होती. कानावर तमिळ शब्द पडला की तो मराठीत कुठे बसतो का, हे ती आधी पाही. एकदा बसला की मग साऱ्या कुंभकोणमनं येऊन सांगितलं तरी तो तिथून हलत नसे.

हे मी हसत सांगते आहे खरी. पण तिच्या या सवयीनं आमचं तळं मेलं, आणि मला खरा अर्थ ठाऊक असून मी बोलले नाही. का बोलले नाही, तेच मला लिहायचं आहे.

आई मी लहान असतानाच गेली. वडिलांच्या या थोरल्या बहिणीनं मला वाढवलं. ती स्वतः फार लवकर विधवा झालेली, सोवळ्याओवळ्याची कडक, कपाळाला गोपीचंदन, तोंडात सदा विष्णूचं नाव. आमच्या घरात मासा शिजणं तर सोडाच, त्याचा वास आला तरी ती खिडक्या लावून घेई. पण तळ्यातले मासे मात्र तिचे लाडके. ‘‘पहिला अवतार तो त्याचाच न्हवे?’’ असं म्हणून ती रोज सकाळी ओंजळभर पोरी, म्हणजे आपले चुरमुरे, घेऊन घाटावर जाई. मीही तिच्या मागोमाग. ऐंशीच्या दशकातल्या माझ्या बहुतेक सगळ्या सकाळी त्या पायऱ्यांवर गेल्या.

पाण्यात पाय सोडले की क्षणात बोटांभोवती बारीक मासे गोळा होत आणि टाचा कुरतडत. गुदगुल्या सहन न होऊन मी पाय वर घेई आणि पुन्हा सोडी. चुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होई. चंदेरी केंडै मासे उड्या मारत, खालून एखादा विराल, म्हणजे आपला मरळ, काळी पाठ दाखवून जाई. माझ्या हाताला चामखिळी आल्या होत्या तेव्हा तिथल्या चालीप्रमाणे आत्यानं माझ्याकडून गुळाचा खडा पाण्यात सोडवला. गूळ विरघळला की चामखीळ विरघळते म्हणे. गूळ विरघळण्याआधीच माशांनी फस्त केला, तरी चामखिळी गेल्या. आत्या म्हणाली, माशांनी त्या खाल्ल्या.

ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात तळं काठोकाठ भरे, आणि बेडूक असे ओरडत की जेवताना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. तारेवर एक खंड्या बसलेला असायचा. मला वाटे, तो एकच आहे आणि जन्मापासून तिथेच आहे.

लग्नानंतरही मी त्याच घरात राहिले. वडील गेले होते, आत्या एकटी, आणि नवऱ्याची नोकरी तंजावूरला. तो सकाळच्या गाडीनं जाई, दिवेलागणीला परते. मी दुपारी एका टायपिंगच्या क्लासात शिकवत असे. सगळं नीट चाललं होतं, फक्त माझ्या पोटात गर्भ टिकत नव्हता. पहिला जीव तिसऱ्या महिन्यात गेला, दुसरा पाचव्यात. दुसऱ्या वेळी तर मी नाव ठरवलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आत्या मला घेऊन तिरुक्करुगावूरला गेली. गर्भ राखणारी देवी ती. आमची आत्या कट्टर वैष्णव, शिवाच्या देवळासमोरून जाताना चालीचा वेग वाढवणारी. पण त्या दिवशी बसमधून उतरली ती थेट देवीसमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. तिथलं मंतरलेलं तूप आणलं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, ‘‘मी बोललें तिजपाशी. तिसऱ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत, दर शुद्ध एकादशीस, महिन्यास एक, जीव सोडीन पाण्यांत. सात जीव. ते पाण्यांत जगतील तर तुझें पोटांत जगेल.’’

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझा विश्वास होता असं म्हणणार नाही. नव्हता, असंही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या तळ्याची मासेमारी एका बाईकडे होती. नवरा-बायको मिळून जाळं टाकत, आणि ती मोठ्या ॲल्युमिनियमच्या टोपात मासे घेऊन विकत फिरे. आमच्या गल्लीत ती हाक देत नसे, मागच्या बोळानं निमूट जाई. आत्यानं तिला परसदारी थांबवलं आणि एक जिवंत मासा आणायला सांगितला. बाई आधी घाबरली, मग समजल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची स्वतःची दोन गेली होती.

एकादशीला तिनं केंडै आणला, चांगला वीतभर. आत्या पुढे, मी मागे, बाई टोप घेऊन मध्ये. परसदारापासून घाटापर्यंत शंभर पावलंसुद्धा नसतील. पायरीवर टोप ठेवला तेव्हा मासा पांढरं पोट वर करून तरंगत होता.

आत्याचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. ती पायरीवर बसली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली. मी पोटावर हात धरून उभी होते. एक मासा मेला, रोज हजारो मरतात, असं मी मनात म्हणत होते आणि हात काढत नव्हते.

बाईनं मेलेला मासा पदराखाली लपवला. म्हणाली, ‘‘अम्मा, रडू नका. न मरणारा मासा आणून देते. दोन दिवस थांबा.’’

दोन दिवसांनी ती आली तेव्हा टोपात पाणीच नव्हतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं काहीतरी आणलं होतं. गोणपाट उघडलं तर आत पाटीच्या दगडाच्या रंगाचा, चपट्या डोक्याचा मासा. तोंडाभोवती आठ मिशा, आणि त्या एकेक करून हलत होत्या, काहीतरी चाचपत असल्यासारख्या. त्याला खवलं नव्हती. डोळे इतके बारीक की तो पाहतो की नाही हेच कळेना.

‘‘साक्कोट्टैकडे कुणीतरी खड्ड्यात वाढवतो हे,’’ बाई म्हणाली. ‘‘सकाळपासून असाच आहे, पाण्याशिवाय. बसमधून आणला. सीमै केळुत्ती, अम्मा. हा मरत नाही.’’

केळुत्ती म्हणजे मिशांचा मासा, तो आमच्या तळ्यातही होता, बोटाएवढा. आणि सीमै म्हणजे परदेशी. सातासमुद्रापारची कुठलीही वस्तू तमिळमध्ये सीमै. जरशी गाय ती सीमै गाय, आणि रॉकेलला तर सगळे सीमेण्णैच म्हणतात. आत्या रोज स्टोव्हात सीमेण्णै ओतत होती, पण तो शब्द फोडून पाहायची तिला कधी गरज पडली नव्हती. आता मात्र तिनं तो लगेच मराठीत बसवला. तिचा चेहरा उजळला.

‘‘सीमेचा!’’ ती माझ्याकडे वळून म्हणाली. ‘‘ऐकिलेंस गे? आपल्या सीमेचा मासा. गांवाच्या सीमेवर देव बसतो राखण करीत, तेथला. म्हणोन तो मरत नाहीं.’’

मला तेव्हाच बोलता आलं असतं. आत्या, सीमेचा नव्हे, परका. एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण मी त्या हलणाऱ्या मिशांकडे पाहिलं, ओल्या गोणपाटात सकाळपासून न मेलेल्या त्या जिवाकडे पाहिलं, आणि मला तो हवा झाला. कुठला का असेना. मला न मरणारा मासाच हवा होता.

घाटावर बाईनं तो पाण्यात सोडला. तो इतरांसारखा सुळकन गेला नाही. पहिल्या पायरीवर थांबला, मग वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला. ‘गप्प’ असा आवाज झाला. मग तो सावकाश खाली गेला. आत्यानं हात जोडले.

असे सात सोडले. पुढे दर शुद्ध एकादशीला तोच गोणपाट, त्याच मिशा, तोच ‘गप्प’. नववा महिना भरला आणि मला मुलगी झाली. रडली ती अशी की मागच्या बोळात बाईला ऐकू गेलं म्हणे.

मुलीच्या व्यापात म्हणा, पुढची दोन वर्षं मी तळ्याकडे फारशी गेलेच नाही. लंगोट, दूध, ताप, दात यातच दिवस जात. एका सकाळी तिला कडेवर घेऊन घाटावर गेले. मला तिला गुदगुल्या दाखवायच्या होत्या. मी पायरीवर बसले, तिचे इवले पाय पाण्यात सोडले, माझेही सोडले, आणि वाट पाहत राहिले.

काही झालं नाही. पाणी गढूळ होतं, ढवळल्यासारखं. मी चुरमुरे टाकले. ते तरंगत राहिले. एकही तोंड वर आलं नाही. थोड्या वेळानं चुरमुरे फुगले, मऊ झाले आणि पायरीला येऊन चिकटले. मग मला उमगलं की मघापासून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं ते काय. कसलाच आवाज नव्हता. बेडूक नाही, पाण्यात टुबकन काही नाही. तारेवर खंड्या नव्हता.

तेवढ्यात मधोमध ‘गप्प’ झालं. मग डावीकडे. मग आमच्या अगदी जवळ. मी मुलीचे पाय असे ओढून घेतले की ती दचकून रडायला लागली.

त्यानंतर मी कान टवकारूनच राहू लागले. धुणं धुणाऱ्या बायका बोलू लागल्या होत्या, गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पोटऱ्यांना काहीतरी चाचपून जातं. बदकांची एक माळ तळ्यावर होती, आईमागे सहा पिल्लं. एका आठवड्यात आईच उरली, मग तीही दिसेनाशी झाली. संध्याकाळी डासांचे लोट येऊ लागले, तसे पूर्वी कधी नव्हते. त्या साली पाऊस आला, तळं भरलं, आम्ही जेवायला बसलो आणि एकमेकांचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं. नवरा म्हणाला, यंदा किती शांत आहे.

आणि त्याच पावसात एका सकाळी मी दाराशी आले तर मुलगी माझ्या आधीच ओट्याखाली उकिडवी बसलेली. समोर गटारीच्या कडेला, ओल्या फरशीवर, हातभर लांबीचा काळा मासा. तो कल्ल्यांजवळच्या परांवर रेलून, माणूस कोपरांवर सरपटतो तसा, पुढे येत होता. तळ्याकडून आमच्या दारापर्यंत चिखलाचा पट्टा उमटला होता. दारातल्या रांगोळीच्या दोन रेघा पुसल्या गेल्या होत्या.

मुलगी त्याच्याशी बोलत होती. मला पाहून म्हणाली, ‘‘आई, हा मला गप्प म्हणतो.’’

मी तिला उचललं आणि किंचाळले. आत्या धावत आली. तिनं मासा पाहिला, मुलगी पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. ‘‘पाहावयास आला तो,’’ ती म्हणाली. ‘‘तिज पाहावयास आला. आपल्या सीमेचा न्हवे?’’ मग तिनं सोवळं विसरून केरसुणी आणि सूप घेतलं, त्याला सुपात ओढून घेतलं आणि भर पावसात तळ्यात सोडून आली.

त्या दिवसापासून मला आमच्या दाराची भीती वाटायला लागली. लाज वाटते सांगायला, पण पावसात मी उंबऱ्याशी विटा लावून ठेवी.

पुढच्या उन्हाळ्यात मासेवाली बाई परसदारी आली. तिच्या हातात टोप नव्हता. जाळं टाकलं की आता तेच येतं, दुसरं काही नाही, असं तिनं सांगितलं. केंडै नाही, विराल नाही, बोटाएवढी केळुत्तीसुद्धा नाही. लोक ते चिखलाच्या वासाचं मांस घेत नाहीत. बाकीच्या तळ्यांतही ते पोचलेत, कुणी सोडले कुणास ठाऊक. कालव्यांना कावेरीचं पाणी सुटायच्या आत पंप लावून आमचं तळं उपसायचं आणि एकूण एक मासा मारायचा, असं तिच्या नवऱ्यानं ठरवलं होतं.

‘‘पण त्यात अम्माचे सात आहेत,’’ ती खाली बघून म्हणाली. ‘‘न विचारता कसा हात लावू?’’

‘‘विचारायचं काय त्यात,’’ मी म्हणाले. ‘‘सगळे मारा.’’

आत्या माझ्याकडे वळली. मग मराठीत, बाईला कळू नये म्हणून हळू आवाजात म्हणाली, ‘‘सात जीव देऊन एक मागोन घेतला. आतां ते सात परत मारावयाचे, आणि तो एक?’’

मी चिडले. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो सीमेचा मासा नाही, परका आहे, सीमै म्हणजे परकं, रॉकेलसारखं, तुला एवढं कळत नाही? तुझ्या नवसानं तळं खाल्लं. मुलगी आपली आपण जगली, त्या माशांनी नाही जगवली. मी बोलत होते आणि आत्या एकेक शब्द ऐकत होती.

माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, ‘‘तुज ठाऊक होतें? त्या दिवशींच?’’

मी मान हलवली.

‘‘मग कां नाहीं बोललीस?’’

याचं उत्तर तिलाही ठाऊक होतं. ती आत गेली आणि जपाला बसली. दुसऱ्या दुपारी तिनं बाईला बोलावून सांगितलं की उपसा, माझी ना नाही. दोघी परसात बराच वेळ बोलत उभ्या होत्या. मी क्लासाला जायच्या गडबडीत होते.

चार दिवस पंप चालला. शेवटच्या सकाळी सगळी गल्ली काठावर जमली. पाणी उतरलं तशा न पाहिलेल्या पायऱ्या दिसू लागल्या, मग शेवाळ, मग चिखल. आणि चिखल हलत होता. सगळीकडे त्याच मिशा, लहान, मोठ्या, एकमेकांत गुंतलेल्या. दुसरा एकही मासा त्यांत नव्हता. मी जिथे पाय सोडून बसायची तिथे माझ्या मांडीएवढे जाड देह एकमेकांवर पडले होते, आणि सगळे मिळून हवा पीत होते. तो आवाज मला अजून ऐकू येतो. काठावरची पोरंसुद्धा आईला चिकटून उभी होती.

बाईनं मोठे वेगळे काढले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘जुने सहाच आहेत.’’ मी आत्याकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते.

त्याच संध्याकाळी मुलीला ताप भरला. अंग असं तापलं की हात ठेववेना. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. मी उशाशी बसले होते आणि माझ्या डोक्यात फक्त चिखल हलत होता. मी आत्याला म्हणाले, ‘‘मी मारले ग. मीच सांगितलं मारा म्हणून.’’ मी असं बोलले, मी, जिनं आठवडाभरापूर्वी तिला अडाणी ठरवलं होतं.

आत्या उठली, मागच्या परसात गेली, थोड्या वेळानं परत आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘कांहीं होत नाहीं तिज,’’ म्हणाली. ‘‘नीज तूं.’’ तिचा आवाज इतका निवांत होता की मी खरंच झोपले. दोन दिवसांत ताप उतरला. तेव्हा घरोघर डासांचा ताप होताच, तसलाच असणार.

पुढच्या वर्षी आत्या गेली, कुणाला त्रास न देता, एका दुपारी, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. तिचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मी परसातला आड उपसून घ्यायचं ठरवलं. नळ आल्यापासून त्याचं पाणी भांड्यांपुरतंच वापरत होतो. डास होऊ नयेत म्हणून आत्यानंच कधीकाळी त्यात बारीक मासे सोडले होते, आणि दुपारी ती त्यांना मऊ भात घाले. भात घालताना ती मला जवळ येऊ देत नसे. सोवळं मोडतं म्हणायची.

मी वाकून पाहिलं. पाणी गढूळ. बारीक मासा एकही नाही. बादली सोडली तर दोर थरथरला, कुणीतरी खालून चाचपल्यासारखा. मग त्या खोल गोल अंधारात पाणी फुटलं आणि आवाज वर आला. गप्प.

मी मासेवाल्या बाईला बोलावलं. ती आडाच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली आणि लपवाछपवी न करता बोलली. पंप लावायच्या आदल्या दुपारी, मी क्लासात असताना, अम्मानं तिच्याकडून सातातला एक धरून आणवला होता आणि इथे सोडवला होता. ‘‘मुलीपुरता एक राहू दे म्हणाल्या. इथून कुठे जाणार नाही, कुणाचं काही खाणार नाही. तुम्ही हो म्हणा, पाव तासात काढून देते.’’

मुलगी तेव्हा शाळेत होती. शाळेतली ती वेळ, ते पाटीवर वाकलेलं डोकं मला समोर दिसलं. सगळं मला कळत होतं. तळं कुणी खाल्लं ते मी पाहिलं होतं. डास, ताप, परका मासा, सगळं.

‘‘नको,’’ मी म्हणाले.

बाईनं मान हलवली. तिला बहुधा दुसरं काही अपेक्षित नव्हतं.

मग मी आडावर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि मुलीला बजावलं की इकडे फिरकायचं नाही, आत साप आहे. आणि दुपारच्या जेवणानंतर वाटीभर मऊ भात घेऊन मी स्वतः जाऊ लागले. नवऱ्याला सांगितलं, डासांचे मासे आहेत. भात टाकायचा, वाट पाहायची, तोंड वर आलं की परतायचं. आवाज ऐकला की छातीतलं काहीतरी खाली बसे. स्वतःवरच चरफडत मी भांडी घासायला लागे.

एका दुपारी तो वर आला नाही. मी थोडा भात टाकला, थांबले, पुन्हा थोडा टाकला. जाळीला तोंड लावून हाक मारायची तेवढी बाकी ठेवली. पाणी हललं नाही. मग मी काय करते आहे ते न कळता, वाटी हातात तशीच, पायात चपला नाहीत, मी बोळातून शाळेच्या रस्त्याला लागले. देवळाचा कोपरा ओलांडल्यावर कापडाच्या दुकानदारानं विचारलं, ‘‘कुठे निघालात? मला तर आज रविवारचं दुकान उघडायचं नव्हतं, पण हिशोब राहिलाय म्हणून आलो.’’

रविवार. मी तशीच मागे फिरले, पळत.

मुलगी परसात आडाच्या पायरीवर बसून बोरं खात होती. मी तिला घट्ट धरलं तशी ती अवघडली. माझ्या हातातल्या वाटीकडे पाहून म्हणाली, ‘‘त्याचें पोट भरलें आहे, आई. तूं निजली होतीस म्हणोन मीच भात घातला. सगळा खाल्ला त्यानें.’’ थेट आत्यासारखी बोलली ती.

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘आत्याआजीनें. तूं विसरलीस तर मी घालावयाचा. तो माझा आहे न्हवे?’’

‘‘मग इतके दिवस मला का नाही बोललीस?’’

तिनं बोराची बी थुंकली आणि मला इतकंही कसं ठाऊक नाही अशा नजरेनं पाहिलं.

‘‘तो गप्प म्हणतो ना,’’ ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. वाटीत अजून अर्धा भात होता, तो आम्ही दोघींनी चिमण्यांना टाकला.